गेम डी ड्राइव्हवर, पत्ता सी ड्राइव्हचा

विंडोजमध्ये एखाद्या ड्राइव्हवरची मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की तिथली निळी पट्टी लाल होते, आणि घरातल्या कॉम्प्युटरवर पहिली संक्रांत येते ती गेमवर. फोटोंना हात लावायला कुणी धजत नाही, ऑफिसच्या फाइलींना तर नाहीच. पण दीडशे जीबी अडवून बसलेला गेम सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतो. शेजारी डी ड्राइव्ह अर्धा रिकामा असतो. मग गेमचा फोल्डर कट होतो, तिकडे पेस्ट होतो, अर्धा तास हिरवी पट्टी सरकत राहते आणि शेवटी डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर विंडोज सांगते की अशी फाइलच सापडत नाही.

गंमत अशी की दुसऱ्या एखाद्या गेमचा फोल्डर असाच उचलून नेला तर तो बिनतक्रार चालू होतो. तिसरा चालू होतो, पण खेळणाऱ्याने महिनाभर खपून गाठलेला टप्पा गायब असतो. चौथ्याचा फोल्डर हलवायला विंडोज परवानगीच देत नाही. कृती एकच, निकाल चार. हा घोळ तीस वर्षांत हळूहळू साचत गेला आहे. फाइली हलवणं हा त्यातला सोपा भाग. त्या फाइली कुठे आहेत याची नोंद कोण ठेवतं आणि ती बदलायचा अधिकार कुणाला आहे, यावर बाकी सगळं ठरतं.

फोल्डर हाच गेम

डॉसच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १० डिसेंबर १९९३ रोजी आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ची शेअरवेअर आवृत्ती खुली केली, तेव्हा गेमचे नकाशे, चित्रं आणि आवाज एकाच मोठ्या फाइलीत बांधलेले होते. सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत आणि खेळणाऱ्याचे सेव्ह त्याच फोल्डरात. गेम जे काही शोधायचा ते स्वतःच्या आजूबाजूलाच शोधायचा. आपण सीवर आहोत की डीवर, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. फोल्डर कॉपी झाला की गेम हलला, इतका सरळ मामला.

ही सोय पुढेही काही गेमनी टिकवली. सायबर कॅफेंच्या भरात काउंटर-स्ट्राइक १.६ चा फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्यावर पेन ड्राइव्हने किंवा आतल्या नेटवर्कने नेला जायचा आणि दहा मशीनवर दहा जण खेळायला बसायचे. कॅफेवाल्याला इन्स्टॉल करणं म्हणजे काय हे समजून घ्यायची गरजच पडायची नाही.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि चित्र पालटलं. या विंडोजने रजिस्ट्री नावाची नोंदवही कारभाराच्या मध्यभागी आणली. सीडी घातली की सेटअप चालायचा. तो फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये टाकायचा, गेमचा पूर्ण मार्ग सी या अक्षरासकट रजिस्ट्रीत लिहायचा, स्टार्ट मेनूत शॉर्टकट करायचा आणि काढून टाकण्याच्या यादीतही नाव घालायचा. म्हणजे गेम एका जागी आणि त्याच्या पत्त्याच्या नोंदी तीन-चार जागी. घर बदलताना सामान टेम्पोत घालून नव्या जागी नेता येतं, पण आधार कार्ड, गॅसचं पुस्तक आणि बँकेचं पासबुक यांवर जुनाच पत्ता राहतो. हाताने हलवलेल्या गेमचं नेमकं तसं होतं.

मराठी घरांत याच दुखण्याची दुसरी बाजू जास्त अनुभवाला आली. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये दुकानदार एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून द्यायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं मशीन असो की तालुक्याच्या गावातलं, सांगणं एकच: विंडोज सीवर, बाकी सगळं डीवर, म्हणजे फॉरमॅट मारला तरी माल शाबूत. गाणी आणि फोटो खरंच शाबूत राहायचे. डीवर ठेवलेले गेमही जागच्या जागी असायचे, फक्त चालायचे नाहीत, कारण त्यांच्या नोंदी सीवरच्या रजिस्ट्रीबरोबर पुसल्या गेलेल्या असायच्या. इथे गेम हललाच नव्हता. नोंदवही बदलली होती.

अशा वेळी जुन्या गेमसाठी आजही तीन वाटा आहेत. एक, सेटअप पुन्हा चालवून नव्या ड्राइव्हचं नाव द्यायचं. दोन, रजिस्ट्री उघडून पत्ता हाताने बदलायचा. मात्र तिथे चुकीच्या ओळीला हात लागला तर इतर प्रोग्राम बिघडू शकतात. तीन, गेमचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, असेल तर तो नव्या जागेवरून एकदा चालवून पाहायचा. बेथेस्डाच्या २०११ सालच्या ‘स्कायरिम’चा लाँचर नव्या फोल्डरातून उघडला की रजिस्ट्रीतला पत्ता स्वतःच दुरुस्त करतो. असे समजूतदार गेम मोजकेच.

दुसऱ्या ड्राइव्हवर पाठवायचा विंडोजचा मार्ग

सीवरचा फोल्डर डीवर न्यायचा, पण गेमला मात्र तो सीवरच असल्याचं भासवायचं, अशीही एक युक्ती आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल पद्धतीत ‘जंक्शन’ नावाची सोय विंडोज २००० पासून आहे. गेमचा फोल्डर डीवर हलवायचा आणि त्याच्या जुन्या जागी त्याच नावाचं जंक्शन तयार करायचं. कुणीही सीवरच्या त्या नावाकडे गेलं की विंडोज त्याला गुपचूप डीवर पोहोचवते. विंडोज व्हिस्टापासून यासाठी एमकेलिंक ही आज्ञा विंडोजबरोबरच येऊ लागली आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये एका ओळीत काम होऊ लागलं.

ही युक्ती रुळली ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानामुळे. सुरुवातीच्या अनेक वर्षांत स्टीमचे सगळे गेम स्टीमच्याच एका फोल्डरात राहत. त्याच सुमाराला एसएसडी बाजारात आल्या, पण त्या लहान आणि महाग होत्या. ज्यांच्याकडे साठ-सत्तर जीबीची एसएसडी होती त्यांनी आवडता एक गेम तिच्यावर ठेवायचा आणि बाकीचे जंक्शनने जुन्या हार्ड डिस्कवर पाठवायचे, अशी कसरत चालवली. हे काम बटणावर करून देणारे छोटे मोफत प्रोग्रामही तेव्हा फिरू लागले.

जंक्शनला मर्यादा आहेत. ज्या ड्राइव्हवर ते तयार करायचं तो एनटीएफएसचा असावा लागतो. बॅकअप घेणारे काही प्रोग्राम गोंधळतात आणि एकच माल दोनदा मोजतात. महिन्या-दोन महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला डीवरचा तो फोल्डर फालतू वाटला आणि त्याने तो उडवला, तर सीवर उरतं ते फक्त कुठेच न नेणारं नाव. तरीही ज्या गेमला कुठलाही लाँचर नाही आणि सेटअपची सीडी हरवली आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग आजही सर्वांत भरवशाचा आहे.

स्टीमची एक छोटी फाइल

व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू केलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘हाफ-लाइफ २’साठी ते सक्तीचं झालं, तेव्हा खेळणाऱ्यांनी बोटं मोडली. पण पत्त्याची नोंद रजिस्ट्रीतून काढून लाँचरच्या हाती देण्याची सुरुवात तिथूनच झाली. २०१२ मध्ये स्टीमने एकापेक्षा जास्त ड्राइव्हवर गेमची लायब्ररी ठेवायची मुभा दिली आणि २०१७ मध्ये गेम हलवण्याचं बटणच आणलं. गेमच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथे मूव्ह. ड्राइव्ह निवडला की बाकीचं स्टीम बघतं.

हे इतकं सोपं कसं झालं ते कळायला स्टीमच्या फोल्डरात डोकावावं लागतं. प्रत्येक लायब्ररीत स्टीमॲप्स नावाचा फोल्डर असतो. त्यात कॉमन नावाचा फोल्डर, आणि कॉमनमध्ये प्रत्येक गेमचा आपापला. बाहेर, स्टीमॲप्समध्येच, प्रत्येक गेमची एक छोटी मॅनिफेस्ट फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. काउंटर-स्ट्राइकच्या फाइलीच्या नावात ७३० हा आकडा असतो, तो त्या गेमचा स्टीमवरचा क्रमांक. डोटा २ चा ५७०, पोर्टलचा ४००. फाइलीत गेमचं नाव, कोणती आवृत्ती बसली आहे, डिस्कवर किती जागा गेली आणि फोल्डरचं नाव इतकी माहिती असते. फोल्डरचं फक्त नाव. गेम सीवर आहे की डीवर, हे तिथे लिहिलेलं नसतं. त्यामुळे गेमचा फोल्डर आणि ही फाइल जोडीने दुसऱ्या लायब्ररीत नेली की पत्ता आपोआप बरोबर ठरतो. स्टीमच्या बटणामागचं काम मुख्यतः हेच.

याच फाइलीत एक मजेशीर अवशेषही दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ ने आधीच्या ग्लोबल ऑफेन्सिव्हची जागा घेतली, तरी डिस्कवरच्या फोल्डरचं नाव जुनंच राहिलं. नवा गेम शोधत फोल्डरांची यादी चाळणारे कित्येक जण म्हणून फसतात.

विंडोज नव्याने टाकल्यावरचा जुना त्रासही इथे मिटतो. सीवर स्टीम पुन्हा बसवायचं, सेटिंगमध्ये डीवरचा जुना लायब्ररी फोल्डर दाखवायचा, आणि तिथले गेम यादीत हजर होतात. हलवताना वीज गेली किंवा एखादी फाइल अर्धवट राहिली, तर फाइली तपासण्याचा पर्याय आहे. त्यात डिस्कवरची प्रत्येक फाइल मूळ नोंदीशी ताडून पाहिली जाते आणि बिघडलेली तेवढीच पुन्हा उतरवली जाते. फेब्रुवारी २०२३ पासून तर घरातल्याच नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरवरचा गेम दुसऱ्यावर आणता येतो.

बाहेरून लावलेल्या यूएसबी हार्ड डिस्कवर लायब्ररी ठेवणाऱ्यांना एक गोष्ट अडते. काल ई असलेला ड्राइव्ह आज एफ झाला की सगळे गेम इन्स्टॉलच नसल्यासारखे दिसतात. घाबरून पुन्हा डाउनलोड सुरू करण्याऐवजी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला ठरावीक अक्षर नेमून दिलं की काम भागतं.

बाकीची दुकानं, बाकीच्या तऱ्हा

डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने आपलं दुकान उघडलं. दर आठवड्याला फुकट गेम वाटणाऱ्या या दुकानात गेम हलवण्याचं बटण मात्र बराच काळ नव्हतं, आणि कंपनीच आपल्या मदतीच्या पानावर एक द्राविडी प्राणायाम सांगत होती. गेमचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायचा. लाँचरमधून गेम काढून टाकायचा. मग नव्या ड्राइव्हवर तोच गेम डाउनलोडला लावायचा, दोन-तीन टक्के झाले की थांबवायचा, बाजूला ठेवलेल्या फाइली त्या अर्धवट फोल्डरात ओतायच्या आणि डाउनलोड पुढे चालू करायचा. लाँचर फाइली तपासतो, बहुतेक माल आलेलाच आहे हे त्याच्या ध्यानात येतं आणि उरलंसुरलं तेवढंच तो उतरवतो. या खटाटोपाचं कारण नोंदीत आहे. एपिक आपली यादी सीवरच्या प्रोग्रामडेटा फोल्डरात ठेवतं आणि तिच्यात गेमचा पूर्ण मार्ग ड्राइव्हच्या अक्षरासकट लिहिलेला असतो.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहात तेव्हा असलेलं जीओजी २००८ मध्ये जुने गेम कोणत्याही नकलविरोधी कुलपाशिवाय विकायला निघालं. तिथे फोल्डर हवा तिकडे न्यावा आणि गॅलेक्सी या लाँचरला फोल्डर इम्पोर्ट करून दाखवावा. लाँचर वापरायचाच नसेल तर सेटअपची फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी. ब्लिझार्डच्या बॅटल डॉट नेटवर हलवलेल्या गेमकडे बोट दाखवायची सोय आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा फोल्डर तर बराचसा स्वयंपूर्ण असल्याने सहज हलतो. युबीसॉफ्टच्या लाँचरमध्येही आधीच असलेला गेम शोधून देण्याचा पर्याय मिळतो.

सर्वांत हटवादी ठरलं ते मायक्रोसॉफ्टचं दुकान. तिथले गेम विंडोजॲप्स नावाच्या लपलेल्या फोल्डरात जात. त्या फोल्डरची मालकी खुद्द विंडोजच्या ट्रस्टेडइन्स्टॉलर या खात्याकडे. ॲडमिनिस्ट्रेटरने उघडायचा प्रयत्न केला तरी दार बंद. हाताने परवानग्या बदलून तो फोल्डर उचलणाऱ्यांना पुढे दुकानातली इतर ॲपही बिघडल्याचा प्रत्यय येतो. इथे सरळ वाटा दोनच: एक्सबॉक्स ॲपमध्ये गेमच्या मॅनेज विभागात जाऊन ड्राइव्ह बदलायचा, किंवा विंडोजच्या सेटिंगमधल्या ॲपच्या यादीतून मूव्ह म्हणायचं. अलीकडे हेच गेम एक्सबॉक्सगेम्स या उघड्या फोल्डरात बसू लागल्याने फाइली निदान दिसतात.

काही गेमचा एक पाय सीवरच राहतो. रायटचा ‘व्हॅलोरंट’ डीवर ठेवता येतो, पण फसवणूक पकडणारा त्याचा व्हॅनगार्ड सीवरच्या प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो आणि विंडोज सुरू होतानाच जागा होतो. गेम कुठेही असो, त्याचा पहारेकरी तिथून हलत नाही.

याआधीच्या पिढीत कुलपांचा जाच निराळाच होता. २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘स्पोर’ आला तो सेक्युरॉम हे कुलूप घेऊन, आणि सुरुवातीला तीनच वेळा ॲक्टिव्हेट करता यायचा. ओरड झाली, मर्यादा वाढवून पाच झाली, प्रकरण कोर्टातही गेलं. अशा गेमला ड्राइव्ह बदलण्यासाठी पुन्हा इन्स्टॉल करताना प्रत्येक वेळी हिशेब ठेवावा लागे. पुढे विंडोज १० ने सेफडिस्कसारखी जुनी कुलपं चालवायचंच बंद केलं आणि त्या काळातल्या कित्येक सीडी हलवण्याच्याच नव्हे, चालवण्याच्याही पलीकडे गेल्या.

सेव्ह कुठे गेला?

गेम चालू झाला म्हणजे सगळं आलं असं नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने खरा जिन्नस सेव्ह, आणि तो कुठे असेल याला धरबंद नाही. ‘स्कायरिम’ आणि ‘विचर ३’ आपले सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात. ‘एल्डन रिंग’ ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती तर जवळजवळ सगळा संसारच ॲपडेटातल्या एका फोल्डरात थाटते. गेम त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना हे सेव्ह जागचे हलत नाहीत, आणि हलायची गरजही नसते. गेम नव्या घरातूनही तिथेच बघतो. पण कॉम्प्युटरच बदलला किंवा सी फॉरमॅट केला, तर नेमके हेच आधी जातात. स्टीमची क्लाउड सेवा २००८ पासून आहे, तरी प्रत्येक गेम ती वापरतोच असं नाही.

व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये एक चकवा याहून वाईट आहे. जुने गेम आपले सेव्ह प्रोग्राम फाइल्समधल्या स्वतःच्याच फोल्डरात लिहू पाहत. व्हिस्टाने सुरक्षेसाठी तिथे लिहायला मनाई केली, पण गेम बंद पडू नयेत म्हणून ते लिखाण परस्पर ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवलं. गेमला वाटतं आपण आपल्या घरात लिहितोय. खेळणारा पूर्ण फोल्डर उचलून डीवर नेतो, गेम चालू करतो, आणि यादी कोरी. सेव्ह हरवलेले नसतात. ते कधी त्या फोल्डरात नव्हतेच. व्हर्च्युअलस्टोअरमधून ते उचलून नव्या फोल्डरात टाकले की यादी पूर्वीसारखी दिसते.

मॉड, म्हणजे गेमचं रूप बदलणाऱ्या जोडफाइली, लावणाऱ्यांचा पेच आणखी वेगळा. व्होर्टेक्ससारखा मॉड सांभाळणारा प्रोग्राम फाइलींची दुसरी प्रत न करता हार्डलिंकने तीच फाइल गेमच्या फोल्डरातही दाखवतो, म्हणजे जागा वाचते. पण हार्डलिंक एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. गेम डीवर गेला आणि मॉडचा साठा सीवरच राहिला, की जोडणी तुटते आणि दोनशे मॉडचा स्कायरिम साधा स्कायरिम होतो. आधी मॉड काढायचे, गेम आणि साठा दोन्ही एका ड्राइव्हवर न्यायचे आणि मग मॉड पुन्हा बसवायचे, हा क्रम म्हणून पाळावा लागतो.

हलवावा की पुन्हा उतरवावा?

एवढी यातायात करण्यापेक्षा गेम काढून टाकून नव्या ड्राइव्हवर पुन्हा डाउनलोड का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबात आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ किंवा ‘बाल्डर्स गेट ३’साठी १५० जीबी जागा मागितली जाते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ब्रॉडबँडवर एवढं उतरायला, वेग पूर्ण मिळाला तरी, तीन तास वीस मिनिटं लागतात. ५० मेगाबिटवर पावणेसात तासांच्या आसपास. हार्ड डिस्कवर सेकंदाला १२० मेगाबाइटने कॉपी झाली तर तेच काम वीस-बावीस मिनिटांचं, आणि दोन वेगवान एसएसडींमध्ये काही मिनिटांचं. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तर १५० जीबी म्हणजे अडीच महिने. शहरातल्या फायबरवाल्याला ३३०० जीबीच्या मासिक मर्यादेत हे खपून जातं. हॉटस्पॉटवर चालणाऱ्या गावातल्या मुलाला कॉपीखेरीज इलाज नसतो.

कॉपीचा वेग मात्र कुठून कुठे जातोय यावर अवलंबून असतो. एकाच पार्टिशनमध्ये फोल्डर इकडून तिकडे नेला तर क्षणात काम होतं, कारण फाइल जागची हलत नाही, फक्त नोंद बदलते. सीवरून डीवर नेताना मात्र प्रत्येक बाइट वाचून लिहावा लागतो. त्यात सी आणि डी एकाच हार्ड डिस्कचे भाग असतील, तर वाचणारं आणि लिहिणारं डोकं एकच. ते सारखं इकडून तिकडे धावतं आणि वेग निम्म्याच्याही खाली येतो. जागा सीवर मोकळी होते, पण गेम चालण्याच्या वेगात फरक शून्य, कारण डिस्क तीच. हलवण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क एक दिसते की दोन, एवढं पाहिलं तरी पुढचा विरस टळतो.

आणखी दोन पथ्यं. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि आजच्या गेममध्ये अशा फाइली सर्रास असतात. म्हणून मध्यस्थ ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसचा हवा. आणि हाताने हलवताना कटऐवजी कॉपी करावं. गेम नव्या जागेवरून चालला, सेव्ह दिसला, की मगच जुना फोल्डर काढावा.

हलवून मिळतं काय

आता उलटा प्रवासही तितकाच होतो: डीवरच्या जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरी करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो तुकडा डोक्याखाली येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज तिच्या हातात काही नसतं. एसएसडीत फिरणारं काही नाही. गेम उघडायला आणि टप्पा बदलायला लागणारा वेळ त्यामुळे स्पष्ट घटतो. मोठ्या खुल्या जगात चित्रं उशिरा उमटणं आणि अडखळणंही कमी होतं. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या मात्र बहुधा तीच राहते, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘स्टारफील्ड’ २०२३ मध्ये आले तेच एसएसडी हवी अशी अट घेऊन. त्याच वर्षी ‘सायबरपंक २०७७’ने २.० या आवृत्तीबरोबर किमान गरजांच्या यादीतून हार्ड डिस्क वगळली.

कन्सोलवाल्यांना ही अट आधीच लागू झाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी आहे. त्याचे गेम यूएसबी ड्राइव्हवर नेऊन ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळायला परत आत आणावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसचंही तसंच. निन्टेन्डो स्विचवर गेम मायक्रोएसडी कार्डावर जातो, सेव्ह मात्र यंत्रातच राहतो. या सगळ्यांत नोंद पूर्णपणे यंत्राकडे असल्याने पत्ता चुकण्याचा प्रश्न येत नाही. बदल्यात फाइलींना हात लावायची मुभाही नाही.

गेम इतके फुगले कशाने, याचं एक उत्तर हार्ड डिस्कमध्येच आहे. मार्च २०२० च्या आपल्या व्याख्यानात प्लेस्टेशन ५ चे मुख्य शिल्पकार मार्क सर्नी यांनी २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’चा दाखला दिला होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पोस्टाच्या पेट्यांसारख्या त्याच त्या वस्तू जागोजागी दिसतात. डोकं डिस्कभर धावू नये म्हणून प्रत्येक मोहल्ल्याच्या डेटाबरोबर त्यांची वेगळी प्रत ठेवली जायची, आणि काही तुकड्यांच्या तर डिस्कवर ४०० प्रती होत्या. हार्ड डिस्कचा वेग वाचवायला तिचीच जागा खर्ची पडत होती.

स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओचा ‘हेलडायव्हर्स २’ याच कारणाने कॉम्प्युटरवर १५४ जीबीपर्यंत पोहोचला होता. २०२५ च्या अखेरीस स्टुडिओने दुहेरी डेटा काढून टाकणारी आवृत्ती आधी बीटा म्हणून दिली, आणि गेम सुमारे २३ जीबीवर आला. हार्ड डिस्कवाल्यांना फार थांबावं लागेल ही भीतीही फोल ठरली. लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जात होता, डिस्क वाचण्यात नाही; फरक काही सेकंदांचा निघाला. जागेअभावी ज्यांनी हा गेम डीवर पाठवला होता, त्यांना तो २५६ जीबीच्या एसएसडीवरही आता विंडोजशेजारी ठेवता येतो.